भरून ठेवलेली विहीर

२८ मार्च १९९५, मंगळवार

आमच्या ह्यांना बँकेने यंदा दोन डायऱ्या दिल्या. एक त्यांनी ठेवली, दुसरी माझ्या टेबलावर तीन महिने कोरी पडली होती. आज उघडली, कारण आजचं काम मनासारखं झालं आणि ते सांगायला घरात ऐकणारं कोणी नाही. कृष्णकांत ऐकतात, पण पेपर खाली न ठेवता.

पळस्पे फाट्याच्या पलीकडे, ओढ्याकाठी, माळेपाडा नावाची बावीस घरांची वस्ती आहे. वस्तीच्या वरच्या अंगाला थिनरचा कारखाना होता, तो चार वर्षांपूर्वी बंद पडला. आता ती जागा एक कंपनी गोदामांसाठी घेते आहे, आणि तिथल्या पाण्यात काही दोष नाही असा आमच्या प्रयोगशाळेचा कागद तिला हवाय. पाड्यातले लोक म्हणतात, विहिरीच्या पाण्याला रंगाच्या डब्यासारखा वास मारतो. लोक काय, काहीही म्हणतात. म्हणून तर आम्ही आहोत.

सकाळी आठला पोहोचले. रस्ता भयंकर. कुठल्याशा जड गाडीने पार विहिरीपर्यंत वीतभर खोल चाकोऱ्या पाडलेल्या आणि विहिरीभोवती घोटाभर चिखल. मार्चअखेर चिखल कुठून आला देव जाणे, माझी चांगली साडी मात्र गेली. विहीर बघून बरं वाटलं. असल्या कातळात, असल्या दिवसांत, पाणी इतकं वर! झरे जिवंत असणार.

भीमाबाई म्हणून साठीची बाई आहे, पाड्यात तिचा शब्द चालतो. ती कठड्याला टेकून उभी होती, शेजारी तिची सून भामा. ‘बाय, पानी पुरंल ना तुला?’ तिने तीनदा विचारलं. म्हटलं, मला एक लिटर बस्स आहे. दोघी एकमेकींकडे बघून अशा खुशीत हसल्या की मलाही हसू आलं.

बाटली दोरीला बांधून आत सोडली, काठोकाठ भरली आणि हवेचा एक बुडबुडा राहू न देता झाकण लावलं. थिनर उडून जाणारा पदार्थ. बुडबुडा राहिला की तो त्यात शिरतो आणि झाकण उघडताच पसार होतो. बावीस वर्षांत माझ्या बाटलीत बुडबुडा राहिलेला नाही. पाण्याचा वासही घेतला. थिनरचा मागमूस नाही, जरासा ब्लीचिंग पावडरचा वास होता. एवढासा पाडा, पण पावडर टाकतात, कौतुक आहे.

३ एप्रिल, सोमवार

माळेपाड्याचं पाणी स्वच्छ. थिनरमधला मुख्य पदार्थ टोल्युइन, तो मशीनला सापडलाच नाही. अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असं लिहिलं आणि सही केली.

सत्यजीत म्हणाला, ‘आशाताई, आणखी एकदा नमुना घ्यायचा का? लोक इतकं सांगताहेत तर.’ मी म्हटलं, माझ्या बाटलीवर शंका असेल तर दोरी घे आणि तूच जा. त्याने लगेच विषय बदलला. वडील गेल्यापासून प्रयोगशाळेचा मालक तोच. माझ्याहून बारा वर्षांनी लहान आणि केमिस्ट्रीत सेकंड क्लास. माणूस वाईट नाही, पण कण्याच्या जागी रबरी नळी बसवलेली आहे.

१९ एप्रिल, बुधवार

आज जे कळलं ते लिहायला हात उचलत नाही. पण लिहिणार.

दुपारी भामा प्रयोगशाळेच्या जिन्यात येऊन उभी राहिली. हातात तेलाचा पाच लिटरचा डबा, तोंडाला फडकं बांधलेला. आधी मी तिला ओळखलंच नाही. ‘मॅडम, तुमी चांगलं म्हनलात ना, त्यातलंच थोरं आनलंय,’ म्हणाली आणि तिने फडकं सोडलं. जिनाभर वास पसरला. ओळखायला मशीनची गरज नव्हती.

‘हे कुठलं पाणी?’

‘आमच्या बावंतलं.’ विहिरीला ती बाव म्हणते. ‘तुमी न्येलंत त्याच बावंतलं.’

‘शक्य नाही. त्या दिवशी विहीर भरलेली होती. पाण्याला वास नव्हता.’

‘ते टँकरचं व्हतं.’

मग तिने मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. फेब्रुवारीत बाव आटते, तळाला हातभर पाणी उरतं. मग तालुक्याचा टँकर एक दिवसाआड येतो, नळी सोडतो आणि सगळं पाणी बावंत ओततो. लोक ते दोरीने शेंदून घरी नेतात. आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांत हेच चालतं. ‘तुमाला म्हाईत नाय?’ नाही, मला माहीत नव्हतं. आमच्याकडे नळ फिरवला की पाणी येतं.

‘पण मी येणार हे ठाऊक होतं, तर आदल्या दिवशी टँकर कशाला ओतलात?’

‘कशाला म्हंजे? तुमच्या आदी एक सायेब आलता. बावंत वाकून बगलान नि म्हनला, पानीच नाय, बाटली कशात बुडवू? नि गेला निंगून. परत आलाच नाय. म्हून सासू म्हनली, या टायमाला बाव आदीच भरून ठेवायची. आमी बाया त्या डायवरच्या हातापाया परलो, टँकर एक दिस आदी मागवला. तुमी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हून.’

म्हणून त्या हसल्या होत्या. आणि मी टँकरचं पाणी मोठ्या दिमाखाने बाटलीत भरून आणलं.

पुढचं त्याहून वाईट. माझा अहवाल कंपनीने तालुक्याच्या ऑफिसात नेऊन दिला. विहीर पिण्यायोग्य आहे असं लेखी मिळाल्यावर त्यांनी टँकर बंद केला. बारा तारखेपासून पाडा ते तळाचं पाणी पितोय. नाहीतर हायवे ओलांडून अर्ध्या तासावरच्या हातपंपावर जातोय. भामाची मुलगी तीन वर्षांची आहे, तिला दोन दिवस उलट्या होत होत्या. ‘डोस्कं गरगरतंय सगल्यांचं,’ ती म्हणाली. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, आणि लाजेमागोमाग राग आला, तो सगळ्यात आधी माझाच.

तिला सांगितलं, कितीही लांब पडलं तरी हातपंपाचंच पाणी आणा. आणि तो कागद मी मागे घेते. तोंडातून निघून गेलं खरं, पण आता मागे हटणार नाही.

२० एप्रिल, गुरुवार

सत्यजीतला सगळं सांगितलं. त्याने आधी उठून दार लावून घेतलं.

‘ताई, आपल्या कागदावर छापलेलंच आहे, नमुना जसा मिळाला तसा तपासला. आपण त्यात सुटतो.’

‘मिळाला नाही. मी स्वतः घेतला. मी सुटत नाही.’

‘त्या कंपनीच्या आणखी दोन कारखान्यांचं काम आपल्याकडे आहे. या तीन खोल्यांवर आठ माणसांचं पोट आहे.’

‘आणि त्या विहिरीवर बावीस घरांचं.’

तो खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, ‘समजा, तुम्ही पुन्हा पाणी आणलंत आणि त्यात थिनर निघालं. कंपनी म्हणेल, टँकर चालू व्हावा म्हणून लोकांनीच ओतलं. विहिरीत कोणीही काहीही ओतू शकतं, ताई. जमिनीच्या आत जाऊन कोणी ओततं का?’ वर मलाच टोमणे! म्हटलं, डोकं आहे तुला, पण चालवतोस भलतीकडे.

मग त्याने मला पंधरा दिवस रजेवर जायला सांगितलं. मी जाणार नाही. काढायचं तर काढ, आणि कारण लेखी दे, असं तोंडावर सांगितलं. त्याने मशीनच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मी माझ्या टेबलाशी पाच वाजेपर्यंत हाताची घडी घालून बसले. उद्याही बसणार.

घरी कृष्णकांतना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, पण बोलले एवढंच, ‘जेवून घे आधी.’ या माणसाला कशाचं काही वाटतच नाही.

२२ एप्रिल, शनिवार

रिकाम्या टेबलाशी बसून बसून काल एक कल्पना सुचली, माझी मलाच. जमिनीतली वाफ तपासायची. थिनर जमिनीखाली पसरलं असेल तर त्याची वाफ मातीच्या फटींतून वर चढत असणार. पोकळ नळी ठोकून आतली हवा ओढली की ती सापडेल. कारखान्याच्या कुंपणापासून विहिरीपर्यंत ओळीने नळ्या ठोकल्या तर थिनर कुठून कुठे गेलं तेही कळेल. विहिरीत चार बादल्या थिनर ओतणारा माणूस तीनशे फूट जमिनीखाली वाफेची रांग लावू शकत नाही. सत्यजीतला हे सुचलं नसतं.

पण असली नळी मी फक्त पुस्तकात पाहिलेली. मोहल्ल्याच्या तोंडाशी कमरुद्दीनभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे, तिथे गेले. फरशीवर चित्र काढून समजावायला लागले, तर त्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला.

‘आशाताई, कुवेतला पेट्रोलच्या डेपोत बारा साल हेच केलं. टाकी गळते का बघायला असेच पाइप ठोकायचो. लढाई झाली नसती तर आज पण तिथेच असतो.’ त्यांनी माझं चित्र पुसून नवं काढलं. टोक भरीव, त्याच्यावर बोटभर भागाला बारीक भोकं, वरच्या तोंडाला रबरी नळी. ‘आणि एक ध्यानात ठेवा. पाइपच्या भोवती वरून ओली चिकणमाती दाबायची. नाहीतर वरची हवा आत घुसते आणि सगळी मेहनत बेकार.’

हे मला माहीत नव्हतं. मी मान्य केलं. गेल्या चार दिवसांत ‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य मी बावीस वर्षांत म्हटलं नसेल इतक्यांदा म्हटलं आहे आणि अजून जिवंत आहे. पाइप तयार झाला की मी पण येतो, म्हणाले. ‘पहिला घाव बिस्मिल्ला म्हणून मीच घालणार. फिकर नको.’

२७ एप्रिल, गुरुवार

रंग बदलणाऱ्या काचेच्या नळ्या लागतात. आत पांढरी भुकटी असते, ठरावीक वाफ लागली की ती तपकिरी होते. प्रयोगशाळेच्या कपाटात दहा नळ्यांचा एक परदेशी डबा होता. चोरायचा नाही, मागायचा, असं ठरवलं आणि सगळ्यांसमोर मागितला. सत्यजीत म्हणाला, ‘त्यांची मुदत जूनमध्ये संपते. मी टाकूनच देणार होतो.’ बघा, म्हणजे मला टाकाऊ माल! घेतला.

२८ एप्रिल, शुक्रवार

आज हक्काची रजा घेतली. कृष्णकांतनीही बँकेत रजा टाकली आहे, हे मला स्कूटरवर बसताना कळलं. ‘तुझी बर्फाची पेटी कोण धरणार?’ म्हणाले. आधी सांगायला काय झालं होतं? चक्रम माणूस.

या वेळी बाटलीला हात लावण्याआधी तासभर प्रश्न विचारले. शेवटचा टँकर कधी आला? त्यानंतर बावंत कोणी काही टाकलं? पावडर? कपडे कुठे धुता? भीमाबाई शेवटी वैतागली. ‘बाय, तू पानी न्याला आलीस का सोयरीक जमवाला?’ आणि मग माझा हात धरून म्हणाली, ‘आमीच चुकलो गो. आमी बाव भरली नसती तर...’

म्हटलं, तुम्ही नाही चुकलात. मी विचारलं नाही. चिखल दिसत होता, चाकोऱ्या दिसत होत्या, पावडरचा वास नाकात गेला होता, आणि मी झऱ्यांचं कौतुक करत बसले. तुम्ही मला मान दिलात आणि मी तुमचा टँकर घालवला. हे मी मोठ्याने सांगितलं, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं.

कारखान्याच्या कुंपणाबाहेर पायवाट आहे, तिथून विहिरीपर्यंत चार जागा धरल्या. मुरूम कसला कडक! कमरुद्दीनभाईंचा सदरा पहिल्याच पाइपला भिजला. भोवती चिकणमाती दाबायचं काम बायकांनी घेतलं, सारवायचा हात असल्यामुळे एक फट राहू दिली नाही. नळीतून हवा ओढायच्या छोट्या पंपावर भामा. ती मोठ्याने ओढी मोजत होती आणि आम्ही सगळे त्या काचेच्या नळीकडे बघत होतो. पांढरी भुकटी एका टोकाने तपकिरी व्हायला लागली. कुंपणापाशी बोटाच्या दोन पेरांएवढी, पुढे दीड, मग एक, आणि विहिरीजवळ अर्धं. ओढ्याच्या पलीकडे मुद्दाम एक नळी ठोकली. तिथे पांढरी ती पांढरीच राहिली.

‘आता बोल म्हनावं, आमी वतलं,’ भामा म्हणाली.

विहिरीच्या तळाशी हातभर पाणी होतं, इतक्या लांब दोरीने बाटली बुडेचना. भामा पदर खोचून खाली उतरायला निघाली. मी इतक्या जोरात ओरडले की कोंबड्या पळाल्या. असल्या वाफेत विहिरीत उतरलेला माणूस परत वर येईलच असं नाही. कमरुद्दीनभाईंनी बाटलीला एक जड नट बांधून दिला आणि मग ती नीट बुडाली. तीन बाटल्या, बुडबुडा नाही. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, वेळ, जागा कृष्णकांतनी त्यांच्या बँकेच्या अक्षरात लिहिली. खाली साक्षीदार म्हणून आठ सह्या आणि अकरा अंगठे.

२९ एप्रिल, शनिवार

बाटल्या बर्फात आणि मशीन कुलपात. आज सत्यजीतशी शेवटचं भांडायचं असं ठरवून गेले, तर स्वारी एक वाजताच निघाली आणि किल्ली टेबलावर विसरली! शिपायालाही सुट्टी देऊन टाकली. जाताना दारातून ओरडून सांगितलं, ‘मी मंगळवारपर्यंत इकडे फिरकणार नाही हं.’ कोणाला सांगत होता कोण जाणे, प्रयोगशाळेत मी एकटीच होते.

खोली उघडली तर मशीन चालूच. गॅसचा सिलिंडर उघडा. ज्याच्याशी तुलना करायची ते टोल्युइनचं द्रावण ताजं बनवून समोर ठेवलेलं. इतका वेंधळा माणूस प्रयोगशाळा चालवतो कशी? मशीन तापायला दोन तास लागतात, ते मात्र माझे वाचले.

चार वाजेपर्यंत तिन्ही बाटल्या झाल्या. तिन्ही कागदांवर एकाच जागी उंच सुळका. टोल्युइन. पिण्याच्या पाण्यात जितकं चालावं त्याच्या कितीतरी पट. मला आनंद व्हायला नको होता, पण झाला. मी खुर्चीत बसून एकटी रडले आणि मग सिलिंडर बंद करून, किल्ली होती तिथे ठेवून घरी आले.

२ मे, मंगळवार

तालुक्याच्या ऑफिसात गेले. कारकुनाने विचारलं, ‘तक्रार कोणाविरुद्ध?’

‘आशालता कृष्णकांत प्रधान यांच्याविरुद्ध.’

‘आणि तक्रारदार?’

‘आशालता कृष्णकांत प्रधान.’

त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, बाई, स्वतःविरुद्ध तक्रारीचा फॉर्म आमच्याकडे नाही. म्हटलं, कोरा कागद असेल ना? त्याच्याच टेबलावर बसून लिहिलं: ‘माळेपाड्याच्या विहिरीत आदल्या दिवशी ओतलेलं टँकरचं पाणी विहिरीचं समजून मी तपासलं. चूक माझी आहे, पाड्याची नाही. माझा अहवाल रद्द समजावा आणि टँकर चालू करावा.’ सोबत मशीनचे तीन कागद आणि वाफेचा तक्ता जोडला.

आत साहेबांकडे फाइल आधीच काढून ठेवलेली! म्हणे सकाळी कोणाचा तरी फोन आला होता, त्या अहवालात गफलत आहे, प्रधानबाई येतील, त्यांना भेटल्याशिवाय पाठवू नका. नाव सांगितलं नाही. हे कमरुद्दीनभाईंचंच काम. संध्याकाळी दुकानावर जाऊन आभार मानले तर म्हणाले, ‘मी? ताई, माझ्याकडे फोन कुठे आहे?’ मोठा विनयशील माणूस.

९ मे, मंगळवार

आज पाड्यावर पाहणी. एका जीपमध्ये साहेब, दुसरीत कंपनीचा टाय लावलेला माणूस. सत्यजीतही आला होता, सगळ्यांच्या मागे, बूट जपत.

टायवाल्याने ठरल्याप्रमाणे तेच काढलं. लोकांनीच ओतलं असेल. मी तक्ता पुढे केला. तो त्याने बघितलासुद्धा नाही. साहेबांना म्हणाला, ‘सर, या मॅडमनी स्वतः लिहून दिलंय की त्या चुकतात. मग मार्चमधलं खोटं आणि आताचं खरं, हे कशावरून?’

मला ते लागलं. पण पाय रोवले आणि म्हटलं, ‘मी चुकले हे मी सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं. माझ्यावर विश्वास ठेवूच नका. नळी तुम्ही निवडा, जागा तुम्ही दाखवा, पंप साहेब ओढतील. मी इकडे लांब उभी राहते.’ आणि राहिले.

त्याने आधीच्या दोन भोकांच्या मधली जागा बुटाने दाखवली. कमरुद्दीनभाईंनी पाइप ठोकला, बायकांनी माती दाबली, साहेबांनी पंप ओढला. नळी साहेबांच्या हातात तपकिरी होत गेली. त्यांनी ती टायवाल्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि मग खिशात ठेवली.

साहेबांनी सत्यजीतला विचारलं, हे मशीनचे कागद तुमच्याकडचेच का? तो म्हणाला, ‘मशीन आमचं आहे. सही माझी नाही.’ मग पुढे म्हणाला, ‘पण आशाताईंच्या हातचं काम आहे, सर. त्यात खोट निघणार नाही.’ एवढं बोलायला त्याला दरदरून घाम फुटला होता. हेच वीस एप्रिलला बोलला असता तर पाड्याचे तीन आठवडे वाचले असते. माझ्या मनात त्याला माफी नाही.

११ मे, गुरुवार

हुकूम निघाला! माझा अहवाल रद्द. उद्यापासून टँकर. कंपनीचा जागेचा व्यवहार थांबवला, खोल तपासणी होणार.

कंपनीने आमच्याकडचं सगळं काम काढून घेतलं. सत्यजीतने मला पत्र दिलं, जूनपासून नोकरी संपली. मी मागितलं होतं तसं कारण लेखी दिलं आहे: ‘स्वतःचा अहवाल चुकीचा असल्याचे सरकारी कार्यालयात परस्पर उघड केल्याबद्दल.’ याहून मूर्ख वाक्य त्याला सुचलं नसतं. हे पत्र वाचून कोणीही शहाणा माणूस मला नोकरीच देईल! मी ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावणार आहे. कृष्णकांत उठले आणि त्यांनी खिळा ठोकला.

भीती वाटते का? वाटते. शेहेचाळिसाव्या वर्षी कोण घेणार मला? पण झोप लागते आहे, ती एप्रिलमध्ये लागत नव्हती.

१२ मे, शुक्रवार

टँकर येताना बघायला गेले. साडेनवाला तो वळणावर दिसला आणि बायका घरांतून बाहेर आल्या. भामाने मुलीला कडेवर घेतलं होतं. ड्रायव्हरने टँकर नेहमीसारखा मागे घेत विहिरीला लावला, उतरला आणि जाडजूड नळी कठड्यावरून आत सोडली. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

तो चावीला हात घालणार तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख पडलं. महिनाभर भांडून आणलेलं पाणी आम्ही त्याच थिनरमध्ये ओतणार होतो. दर वर्षी हेच झालं असणार. टँकरचं चांगलं पाणी विहिरीत पडायचं, खालच्या विषात मिसळायचं, वास कमी व्हायचा, आणि लोक ते टँकरचं म्हणून प्यायचे. मार्चमध्ये माझी बाटली वरच्या ताज्या पाण्यातच बुडली होती, म्हणून तिला काही सापडलं नाही. मी तक्ते काढले, नळ्या ठोकल्या, साहेबांशी वाद घातला, आणि हे मला आज, या क्षणी कळलं.

मी धावत जाऊन नळी ओढून बाहेर काढली आणि कठड्यावर चढून बसले.

‘अहो बाई, खाली उतरा! पडाल!’ ड्रायव्हर ओरडला. ‘मी सात वर्षं इथंच ओततोय. पावतीवर पण तसंच छापलंय. तुम्ही कोण अडवणाऱ्या?’

‘ही विहीर चांगली आहे असं सही करून सांगणारी बाई मी. ती सही चुकली. आता तोंडाने सांगते, यात एक थेंब ओतायचा नाही. भांड्यांत भर.’

‘हंडे भरत बसायला मला दिवस पुरणार नाही. पुढे दोन पाडे आहेत.’

भीमाबाईने माझ्याकडे बघितलं. तिला समजायला माझ्याइतका वेळ लागला नाही. ती आली, नऊवारी सावरून माझ्या शेजारी कठड्यावर बसली आणि त्याला म्हणाली, ‘वत आता. आमच्या दोगींच्या डोस्क्यावर वत.’

भामाने हाक घातली आणि भांडी यायला लागली. हंडे, कळश्या, पिंपं, हळदीच्या कार्यातली मोठी पातेली, गुरांना पाणी पाजायचं टमाळं, कोणाच्या लग्नातला आंदणाचा ड्रम. भांडी संपली तेव्हा टँकर अर्धा भरलेला होता. ड्रायव्हर म्हणाला, आता तरी उरलेलं आत सोडू द्या. भीमाबाई हलली नाही. ‘बाय म्हनते नाय, तं नाय.’ मग बायकांनी पाड्यातली सगळी पोरं तिथेच टँकरखाली आणून अंघोळी घातल्या. भामाची मुलगी थंड पाण्याने किंचाळत होती आणि पुन्हा पुन्हा नळीखाली जात होती. शेवटी ड्रायव्हरही हसला आणि त्याने स्वतःचं तोंड धुतलं. राहिलेलं पाणी तो पुढच्या पाड्याला घेऊन गेला. तिथली विहीर कशी आहे, ते मी अजून विचारलेलं नाही. उद्या विचारणार.

पावती त्याने माझ्याच पुढे केली. ‘विहिरीत ओतले’ असं छापलेलं होतं. ते आडवी रेघ मारून खोडलं, वर ‘लोकांच्या भांड्यांत भरले’ असं लिहिलं आणि खाली पूर्ण नावाने सही केली. या वेळी सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.